वीस मिनिटांची मुलाखत, वाटेकरी चार

माझा धाकटा भाऊ शिक्षा भोगतोय. कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, सात वर्षं सक्तमजुरी. कारागृहाचं नाव लिहीत नाही. त्याची मुलं उद्या मोठी होतील आणि त्यांना हे कुणीतरी दाखवेलच. पश्चिम महाराष्ट्रातलं एक मध्यवर्ती कारागृह, एवढं पुरे. बांधावरून भांडण झालं, ऊसतोडीचे दिवस होते आणि हातात कोयता होता. ज्याच्यावर उगारला तो परका नाही, आमचा चुलताच, अण्णा. घरं भिंतीला भिंत लागून. त्याच्या डाव्या हातावर कोपराखाली लांबलचक व्रण आहे आणि माझी भाचरं तो रोज येता-जाता बघतात.

या भाचरांना बापाच्या भेटीला, जेलच्या भाषेत मुलाखतीला, न्यायचं काम वहिनीचं आणि माझं. थोरला चौथीत आहे, धाकटी यंदा पहिलीत गेली. ज्यांच्या घरावर ही वेळ आली आहे त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितेय. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. पहाटेच्या एसटीत दोन पोरं घेऊन बसलेली बाई कुठं निघाली आहे, हे शेजारच्या सीटवरच्याला कुठं ठाऊक असतं?

भाऊ कच्चा कैदी होता, म्हणजे खटला चालू होता, तोवर मुलांना न्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. पप्पा कंपनीत कामाला गेलेत, सुट्टी मिळत नाही, असं सांगायचं. आमची आई हे इतक्या ठसक्यात सांगायची की थोड्या दिवसांनी तिलाच ते खरं वाटायला लागलं असावं. पण गाव आहे ते. पोलीस गाडी दारात आली तेव्हा थोरला ओट्यावर चहा-चपाती खात बसला होता. त्याला काही कळलं नाही असं समजणं ही मोठ्यांची सोय.

शिक्षा लागल्यावर वहिनीनंच विषय काढला. म्हणाली, "सात वर्षं सुट्टी न देणारी कंपनी कुठं असती का ओ ताई?" त्याच रात्री तिनं थोरल्याला जवळ बसवून सांगून टाकलं. पप्पा जेलमध्ये आहेत. भांडणात अण्णांना कोयता मारला म्हणून. पोरानं पहिला प्रश्न विचारला, "तिथं जेवायला देत्यात का?" देतात म्हटल्यावर दुसरा, "मग आपण कधी जायचं?" रडारड होईल म्हणून वहिनी पदर सावरून बसली होती, तशी वेळच आली नाही.

खरा प्रश्न पुढच्या ऑगस्टमध्ये आला. एक ऑगस्टला टिळक पुण्यतिथीचं भाषण त्यानं पाठ केलं होतं. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेलं, असं त्यात वाक्य. घरी येऊन म्हणतो, "टिळकांना सहा, पप्पांना सात. मग पप्पांनी टिळकांपेक्षा मोठं काय केलं?" आई देवघरात निघून गेली, मी भांडी आवरायला लागले. वहिनी मात्र जागची हलली नाही. "पप्पांनी मोठं काय केलं न्हाई. अण्णांना मारलं. टिळकांनी कुणाला मारलं नव्हतं." पोरानं ऐकून घेतलं. त्यानंतर हा विषय निदान आमच्यासमोर तरी त्यानं काढला नाही. पण अण्णांच्या दारावरून जाताना पूर्वी पळायचा, आता चालत जातो, हे मी बघितलंय.

आता कागदपत्रांचं. पहिला हिसका तिथंच बसतो. भेटीला कोण कोण येणार त्यांची नावं कैद्यानं आत नोंदवलेली असतात. त्या यादीत मुलांची नावं आहेत ना, आणि आधारकार्डावर आहेत तशीच आहेत ना, हे आधी विचारून घ्यावं. धाकटीचं तेव्हा निळं बाल आधार होतं, पाच वर्षांखालच्या पोरांचं असतं ते. त्यात बोटांचे ठसे नसतात, पाच पूर्ण झाली की अपडेट करावं लागतं. जन्मदाखला आणि रेशनकार्ड जवळ असलेलं बरं. पोर कुणाचं, आणि तुम्ही त्याच्या कोण, हे कागदावर दिसलं की खिडकीवरचा माणूस पुढचं विचारत नाही. झेरॉक्स गावातूनच काढून न्याव्यात. जेलच्या समोर झेरॉक्सचं दुकान असतं, पण ज्या दिवशी तुम्हाला गरज त्या दिवशी तिथली लाईट गेलेली असते.

आमच्याकडे रविवारी आणि सरकारी सुट्टीला मुलाखत नसते. म्हणजे थोरल्याची शाळा बुडणार. पहिल्या वेळी "गावाला गेलाय" असं सांगितलं. पुढं वहिनी स्वतः शाळेत गेली आणि बाईंना खरं काय ते सांगून आली. मला ते आवडलं नव्हतं, पण झालं ते बरंच झालं. कारण मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी हा पोरगा वर्गात कुणाच्या ना कुणाच्या अंगावर जातो, आणि का जातो हे बाईंना ठाऊक असतं. त्या दिवशी त्या त्याला खडू-डस्टरच्या कामाला लावतात.

पहाटेची एसटी धरायची, म्हणजे नंबर लवकर लागतो. लवकर म्हणजे तरी काय, अर्धा दिवस जातोच. अर्ज भरा, आधार दाखवा, फोटो काढा, टोकन घ्या, बसा. मोबाईल आत चालत नाही. तो समोरच्या टपरीवर पिशवीत बांधून ठेवायला द्यायचा, टपरीवाला चिठ्ठीवर नंबर टाकून देतो. घरचा डबा आत जात नाही. आमच्या आईनं एकदा बेसनाच्या वड्या दिल्या होत्या, त्या शेडमधल्या पोरांनी खाल्ल्या. पैसे द्यायचे ते त्याच्या खात्यावर मनीऑर्डरनं, त्यातून तो आतल्या कँटीनमधून काय हवं ते घेतो. हे सगळं पोरांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावं, नाहीतर पप्पांसाठी आणलेलं चॉकलेट गेटवर काढून घेतलं की तमाशा ठरलेला. आमच्या धाकटीनं तो केला. शिपाई बिचारा चॉकलेट हातात धरून उभा, त्यालाही काय करावं सुचेना. शेवटी त्यानं ते तिच्याच तोंडात घातलं.

तपासणी झाली की हातावर शिक्का मारतात. मुलांना तो फार आवडतो. धाकटी दोन्ही हात पुढं करते.

जेलमध्ये मुलांना काय बघावं लागेल, या धास्तीनं आम्ही मोठी माणसं आधी रात्र-रात्र जागतो. मुलांना मात्र सगळ्यात जड जाते ती प्रतीक्षा शेड. पत्रे तापलेले, पंखा एक, नळाला पाणी असलं तर असलं, आणि आपलं नाव कधी पुकारतील याचा पत्ता नाही, त्यामुळं लघवीला जायचीही चोरी. मुतारीला नेलं आणि नाव गेलं, असं एका बाईचं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. म्हणून दोन मोठी माणसं असावीत, एक शेडमध्ये आणि एक पोरांमागं. खायला कोरडं न्यावं, चिवडा नाहीतर दशम्या. पत्त्यांचा कॅट जमत असेल तर न्यावा.

पण याच शेडमध्ये थोरला सगळ्यात मोकळा असतो, हेही खरं. गावात बाप जेलमध्ये असलेला तो एकटाच. इथं सगळ्यांचेच बाप आत. पहिल्याच दिवशी त्याच्याएवढा एक पोरगा जवळ आला, कमरेवर हात ठेवून विचारतो, "तुमचे कच्चे का पक्के?" थोरल्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, पक्के. "कुठल्या सर्कलला?" ते मलाच ठाऊक नव्हतं. मग त्या पोरानं आम्हाला सगळं समजावून दिलं: कच्च्याला मुलाखत जास्त वेळा मिळते, पक्क्याला कमी, पक्क्याला पांढरे कपडे आणि टोपी, तीन नंबरच्या खिडकीचा फोन खरखरतो, ती लागली तर बदलून मागायची. इतकं नीट आणि इतक्या थोडक्यात आम्हाला तोवर वकिलानंही सांगितलं नव्हतं.

तिथंच एक आज्जी भेटायच्या, नातीला घेऊन. नातीची आई आत. पोर आईबरोबर आतच वाढली. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईजवळ ठेवता येतं, सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या निकालानंतर तसं ठरलंय. सहा पूर्ण झाली तशी ती बाहेर आली, आणि आता काचेच्या अलीकडून आईला भेटते. आज्जी म्हणाल्या, "आत होती तवर आईच्या कुशीत होती. सुटली अन् आई गेली." ती पोर महिला शिपायांना नावानं हाका मारायची आणि त्याही तिला ओळखायच्या. शेडमधल्या बाकीच्या मुलांना तिचं फार अप्रूप, कारण ती आत राहून आली होती. याच आज्जींकडून आम्हाला बालसंगोपन योजनेचं कळलं. पालक तुरुंगात असलेली मुलंही त्यात येतात, २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करायचा. मंजुरीला वेळ लागतो, हेलपाटे होतात, तरी करावा. वह्या-दप्तर आणि एसटीचं भाडं त्यातूनच निघतं.

नाव पुकारलं की मग घाई. खिडक्यांची रांग, मध्ये जाड काच, दोन्हीकडं इंटरकॉमचा रिसिव्हर. वेळ वीस मिनिटं. पलीकडं भाऊ येऊन बसतो, पांढऱ्या कपड्यात, टोपी काढून मांडीवर ठेवतो.

रिसिव्हर एक, माणसं चार. पहिल्या खेपेला काय झालं ते सांगते. रिसिव्हर आधी मी घेतला, कारण हायकोर्टातल्या अपिलाचं बोलायचं होतं: वकील किती मागतोय, कागद कुठं अडलेत, सही कुठल्या वकालतनाम्यावर हवी. मग वहिनीनं घेतला; सोसायटीचं कर्ज, मोटारीचं बिल, उसाला टोळी कधी येणार. थोरला कट्ट्याला हनुवटी टेकून उभा. त्याच्या हातात रिसिव्हर आला तेव्हा मिनिट-दीड मिनिट उरलं असेल. आणि पोरगा एक शब्द बोलला नाही. रिसिव्हर कानाला लावला, गर्रकन वळला आणि काचेकडं पाठ करून उभा राहिला. आम्हाला वाटलं रुसला. वहिनी त्याला फिरवायला लागली तर पाय रोवून उभा. पलीकडं भाऊ हसत होता, डोळे पुसत होता आणि बोटानं डोक्याच्या मागं रेघ मारून दाखवत होता. तेव्हा आमच्या लक्षात आलं. आदल्या दिवशी त्यानं केस कापून घेतले होते, मागं वस्तऱ्यानं दोन तिरप्या रेघा मारून. त्या पप्पांना दाखवायच्या होत्या. तेवढ्यात वेळ झाली.

एसटीत परत येताना वहिनीनं नियम केला. पोरं असतील त्या दिवशी वकिलाचं बोलणं नाही. अपिलाचं पत्रानं कळवायचं, नाहीतर मी एकटी जाईन तेव्हा. आता आतून नोंदवलेल्या नंबरांवर फोन करायचीही सोय आहे, पैशाअडक्याचं त्यावर होतं. पोरांच्या दिवशी पहिला रिसिव्हर धाकटीचा, मग थोरल्याचा, मग वहिनीचा. उरलं तर माझं. उरत नाही, पण ते चालायचंच.

काचेपुढं सिनेमातल्यासारखं काही होत नाही, हे सांगून ठेवते. तळहाताला तळहात वगैरे कुणी लावत नाही. धाकटी रिसिव्हर कानाला लावून नुसती मान हलवते, कारण पप्पा समोरच दिसतायत. पडलेला दात दाखवते, नवं फ्रॉक दाखवते, मग कंटाळून शेजारच्या खिडकीत कोण आलंय ते बघत बसते. भाऊ आधी हिरमुसायचा. मीच त्याला सांगितलं, घरी असतास तरी हिनं तुझ्याकडं इतकाच वेळ बघितलं असतं. थोरला आता यादी करून येतो. कागद आत नेता येत नाही म्हणून पाठ करतो. सायकलची चेन, गणिताची चाचणी, कुत्र्याला झालेलं खरूज. एकेक सांगून झालं की बोट मिटतो.

व्हिडिओवरूनही मुलाखत घेता येते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रत्यक्ष भेटी बंद झाल्या तेव्हा हा प्रकार सर्रास झाला, आणि पुढंही राहिला. ई-मुलाखतीच्या पोर्टलवर नाव, नातं, ओळखपत्र भरायचं, मंजूर झालं की मेसेज येतो, दिलेल्या वेळी लिंक उघडायची. आमच्या गावात रेंज घराच्या मागच्या बाजूला येते, म्हणजे गोठ्यात. त्यामुळं भावाच्या ई-मुलाखती म्हशीच्या साक्षीनंच होतात. माझ्या मते लहान मुलांना हेच बरं पडतं. काचेपुढं पप्पांना दाखवायला पोरांकडं असतं काय? फ्रॉक आणि दात. गोठ्यातून धाकटीनं नवं रेडकू दाखवलं, त्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका दाखवला, वैरण कुठं ठेवली ते दाखवलं. भावानं विचारलं, "खरवस केला का?" आणि त्यावर बापलेकीचं जे बोलणं झालं तसं खिडकीत कधी झालं नव्हतं.

आणि एक गळाभेट. कारागृह विभागाचा हा उपक्रम आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना आत नेऊन बापाला भेटवतात, काच नाही, जाळी नाही. रोज नसतं, कारागृह ठरवेल त्या दिवशी, आणि कैद्याची वर्तणूक चांगली लागते. आमचं नाव लागलं तेव्हा धाकटी लहान म्हणून मलाही तिच्याबरोबर सोडलं. मोठ्या फाटकाला दिंडी दरवाजा आहे, मी वाकून गेले, पोरं ताठ गेली. आत मांडव घातलेला, सतरंज्या अंथरलेल्या, आणि कडेला ओळीनं बाप उभे.

थोरला पळत सुटला. धाकटी माझ्या मागं. तिनं बापाला समजायला लागल्यापासून फक्त काचेतून बघितलेला, बसलेला, छातीपासून वर. आता तो अख्खा समोर उभा. मला हळूच म्हणते, "आत्ती, पप्पांना पाय आहेत." भाऊ ते ऐकून खालीच बसला, पाय लांब करून. मग ती पुढं झाली. आधी त्याची चप्पल बघितली, मग अंगठ्याचं नख, पोटरीवरचा जुना डाग. चेहऱ्यापर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. त्यानं कँटीनमधून बिस्किटाचे पुडे घेऊन ठेवले होते, आतल्या कामाच्या मजुरीतून. ती त्याच्या मांडीवर बसली, पण तोंड माझ्याकडं करून. थोरला त्याच्या पाठीवर लोंबकळत होता आणि एका श्वासात यादी म्हणत होता. निघायच्या वेळेला रडला तोच. धाकटी बिस्किटं मोजत चालत आली.

गळाभेट चांगलीच आहे, मिळत असेल तर सोडू नये. पण तिच्यानंतरची खिडकीतली मुलाखत वाईट जाते, त्याची तयारी ठेवावी. धाकटीनं काचेवर मूठ आपटून शिपायाला सांगितलं, "दार उघडा की, तवा उघडलंवतं." शिपाई दुसरीकडं बघायला लागला. भाऊ त्या दिवशी बोलूच शकला नाही, वीस मिनिटं व्हायच्या आधीच उठला. एकदा जवळ घेऊ द्यायचं आणि पुन्हा काच आडवी घालायची, याच्यापेक्षा लहान मुलांच्या सगळ्याच मुलाखती मांडवात का होऊ नयेत? बंदोबस्ताची अडचण असेल, मनुष्यबळ कमी असेल, मान्य. पण चार-पाच वर्षांची पोर आपल्या फ्रॉकमधून आत काय नेणार आहे?

संचित रजेचा, म्हणजे शिक्षा चालू असताना काही दिवस घरी यायच्या रजेचा, अर्ज केलाय. त्याला गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो आणि जामीनदार लागतो. अहवालासाठी हवालदार शेजारीपाजारी विचारून गेला, म्हणजे अण्णांनाही विचारून गेला. ते काय बोलले ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. अर्ज अजून वरच आहे.

तोवर पुढची मुलाखत आहेच. यंदा आई यायचं म्हणतेय. गुडघे गेलेत, तरी येणार म्हणते. म्हणजे वाटेकरी पाच. थोरल्यानं सगळ्यांची मिनिटं पुन्हा मांडली आणि स्वतःची दोन आज्जीला देऊ केली, पण तिनं रडायचं नाही या अटीवर. अट मान्य नाही, असं आईनं सांगितलंय.